गाडी थांबवण्याचा हक्क

पावसाळा लागला की रात्रपाळीला निघण्यापूर्वी आमचे आबा आपली खाकी पिशवी चटईवर रिकामी करून एकेक वस्तू मोजून परत आत ठेवत असत. तीन रंगांच्या काचांचा हातदिवा, लाल आणि हिरवी झेंडी, शिट्टी, गस्तीची वही आणि दहा फटाके. हे फटाके म्हणजे चपट्या डबीच्या आकाराची रेल्वेची धोक्याची खूण. ती रुळाला बांधायची. तिच्यावरून इंजिनाचे चाक गेले की मोठा आवाज होतो आणि पुढचे काही दिसत नसले तरी ड्रायव्हरला गाडी थांबवावी लागते. आबा रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार होते आणि पावसाळ्यात त्यांना गस्तीवर घेतले जाई. आम्ही कळव्याला, खारेगावच्या फाटकाजवळ एका चाळीत राहत होतो. ठाण्याहून दिव्याकडे जाताना लागणारा पारसिकचा बोगदा त्यांच्या हद्दीत होता. सकाळी ते घरी आले की चहाचे आधण ठेवता ठेवता आईचा पहिला प्रश्न बोगद्याबद्दलच असे, कारण बोगद्याच्या तोंडाशी पाणी सुटले असेल तर पुढच्या रात्रीही त्यांना झोप नाही, हे तिला ठाऊक होते.

१८५४ मध्ये लोहमार्ग ठाण्याहून कल्याणला पोचला, तेव्हापासून गाड्या खाडीच्या कडेने, मुंब्र्याच्या बाजूने वळसा घेत जात. १९१६ साली डोंगराच्या पोटातून सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा पारसिकचा बोगदा खुला झाला आणि जलद गाड्यांना सरळ वाट मिळाली. पुढे डोंगरावर वस्ती वाढली, कचरा आणि सांडपाणी उतारावरून बोगद्याच्या तोंडाकडे येऊ लागले. आबा म्हणत, ‘बोगद्याचं पोट पक्कं असतं, तोंड कच्चं असतं.’ त्यांनी भूशास्त्राचे एक पानही वाचले नव्हते. पुढे अभियांत्रिकीच्या वर्गात मी शिकलो की बोगद्याच्या मुखाशी खडक झिजलेला असतो, वरचे आवरण पातळ असते आणि पावसाचे पाणी तिथेच मुरते, म्हणून मुखाची सुरुवातीची खोदाई अतिशय जपून करायची असते. तेव्हा मला त्या वाक्याची आठवण आली होती.

लहानपणी मला सर्वांत जास्त नवल वाटे ते वेगळ्याच गोष्टीचे. रुळावर दरड, झाड किंवा पाणी दिसले तर गस्तवाल्याने धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके लावायचे, आणि हे सारे लाल दिवा दाखवत, धावत करायचे. त्यासाठी त्याने कुणालाही विचारायचे नसते. गाडीत कोण बसले आहे, तिला किती उशीर होईल, खालच्या पगाराच्या माणसाने एवढा मोठा निर्णय घ्यावा का, हे प्रश्न त्या नियमात कुठेच येत नाहीत. एका रात्री आबांनी मालगाडी थांबवली होती, कारण कटिंगच्या, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापून काढलेल्या वाटेच्या, कडेच्या गटारातून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज एकाएकी बंद झाला होता. पाऊस तर चालूच होता; मग पाणी वर कुठेतरी तुंबते आहे आणि ते फुटले तर मातीसकट खाली येईल, एवढाच त्यांचा हिशेब. तपासणी झाली तेव्हा एक फांदी आणि कचऱ्याचा गोळा निघाला, दरड कोसळलेली नव्हती. उजाडताना निरीक्षक आले, त्यांनी गस्तीच्या वहीवर सही केली आणि म्हणाले, ‘थांबवलीस ते बरं केलंस.’ आबांनी हे वाक्य आम्हाला इतक्या वेळा सांगितले होते की ते बोलायला लागले की धाकटी बहीण ते आधीच पूर्ण करत असे.

गेली सव्वीस वर्षे मी बोगद्यांच्या आणि खोल खोदाईच्या कामांवर सुरक्षा अधिकारी म्हणून काम करतो आहे. या काळात यंत्रे बदलली, कागद वाढले, साईटच्या फाटकावरचे फलक मोठे झाले. तरीही त्या खाकी पिशवीत जे होते ते बोगद्यातल्या मजुराला अजून पुरते मिळालेले नाही, असे मला दिवसेंदिवस तीव्रतेने वाटत आहे, आणि म्हणूनच हे लिहायला घेतले.

आज आमचा सगळा परिसर पोखरला जातो आहे. ठाण्याच्या मानपाड्याकडून बोरिवलीला जाणारा जुळा बोगदा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जाणार आहे. ऐरोलीहून कटई नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी पारसिकच्याच डोंगररांगेतून बोगदा काढला आहे. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जातो. त्यापैकी घणसोली ते शिळफाटा हा सुमारे पाच किलोमीटरचा भाग सुरुंग लावून, टप्प्याटप्प्याने आधार देत खोदला गेला आणि उरलेला भाग बोगदा खोदणाऱ्या अजस्र यंत्रांसाठी ठेवला आहे. या कामांचा मला अभिमान वाटतो. लोकलच्या दारात उभे राहून मी त्या डोंगराकडे पाहतो तेव्हा, आत्ता या क्षणी आत कोणती पाळी चालू असेल, हा विचार मात्र हटकून येतो.

बोगद्याचे काम इमारतीच्या कामापेक्षा मुळातच वेगळे असते. इमारतीचे पोलाद आणि काँक्रीट आपण निवडतो, तपासतो, मग वापरतो. बोगद्यात मुख्य बांधकामसाहित्य हा डोंगरच असतो आणि तो जसा आहे तसा घ्यावा लागतो. आपला काळा कातळ लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. दोन थरांच्या मध्ये कधी गेरूसारखा तांबडा मातकट पट्टा असतो, कधी फुटक्या दगडांचा गच्च भरलेला थर, तर कधी सगळे आडवे थर छेदत उभी गेलेली कठीण दगडाची भिंत, जिच्या कडेने पाणी उतरत असते. वरून मारलेली बोअर छिद्रे शंभर शंभर मीटरवर असतील, तर मधल्या जमिनीबद्दल आपण जे नकाशावर काढतो तो अभ्यासू अंदाज असतो. म्हणून खोदाईच्या तोंडाशी, ज्याला साईटवर सगळे फेस म्हणतात, आधी लांब छिद्र पाडून पुढचा दगड चाचपायचा. प्रत्येक सुरुंगानंतर भूशास्त्रज्ञाने फेसची नोंद करायची. मग शॉटक्रीट म्हणजे दाबाने फवारलेले काँक्रीट, रॉकबोल्ट म्हणजे कातळात बसवलेले पोलादी गज, गरज पडल्यास पोलादी कमानी, आणि त्यानंतर भिंतींवर बसवलेल्या खुणांचे रोज मोजमाप. डोंगर आत सरकतोच. तो किती मिलीमीटर सरकला यापेक्षा सरकण्याचा वेग दिवसागणिक कमी होतो आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे असते. आलेखाची रेषा आडवी होत गेली तर जमीन स्थिरावते आहे. ती आडवी व्हायला तयार नसेल, तर एकूण आकडा लहान असला तरी माणसे मागे घ्यायची.

हे ज्ञान जगात सर्वत्र आहे, आणि तरी ते हरते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाखालचे बोगदे २१ ऑक्टोबर १९९४ च्या पहाटे कोसळले. माणसे वेळेवर बाहेर काढल्यामुळे जीवितहानी झाली नाही, पण चौकशीत दिसले की मोजमापांमधून जमीन आधीपासून इशारे देत होती. सिंगापूरमध्ये २० एप्रिल २००४ रोजी निकोल महामार्गालगतची मेट्रोची खोल खोदाई खचली आणि चार जण गेले. तिथे सकाळपासूनच आधाराच्या पोलादी तुळयांकडून धाडधाड आवाज येत होते, जोड वाकलेले दिसत होते, आणि ते जोड बळकट करण्याची खटपट चालू असतानाच दुपारी साडेतीनच्या सुमारास सारे खाली गेले. मरण पावलेल्यांत एक फोरमन होता, जो सहकाऱ्यांना बाहेर काढत होता. सकाळ आणि दुपार यांच्यामधले ते तास माझ्या मनातून जात नाहीत. आवाज सगळ्यांनी ऐकला होता. ‘सगळे वर या’ हे म्हणण्याचा अधिकार नक्की कोणाचा होता, आणि आवाज पहिल्यांदा ज्याच्या कानावर पडला त्याच्यापासून तो अधिकार किती पायऱ्या दूर होता, हा प्रश्न मी प्रत्येक नव्या कामावर पहिल्या आठवड्यात विचारतो.

या प्रश्नाचे माझे स्वतःचे उत्तर एकदा चुकलेले आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. काम कुठले आणि कुणाचे ते लिहीत नाही. सुरुंग झाला होता, धूर निघाला होता, मलबा उचलून झाला होता. यानंतर छताला लोंबणारे सैल दगड पाडायचे असतात. मजूर त्याला ‘लूज निकालना’ म्हणतात. लांब लोखंडी सळीने दगड ठोकायचा. पक्का दगड टणटण वाजतो, सुटलेला दगड भद्द आवाज करतो. ओडिशाहून आलेला, पन्नाशीकडे झुकलेला एक मजूर हे काम करत होता. त्याने उजव्या खांद्याच्या वरचा भाग तीनदा ठोकला आणि सळी खाली टेकवून म्हणाला, ‘साहेब, इधर पोला बोलता है.’ पाळीच्या इंजिनिअरने मान वर करून पाहिले. छिद्रे पाडणारे जम्बो यंत्र येऊन उभे होते, त्या दिवसाचा एक सुरुंग बाकी होता आणि भूशास्त्रज्ञ सकाळी येणार होते. त्याने माझ्याकडे पाहिले. पुढचे काम सुरू करण्याच्या परवान्याचा कागद माझ्या हातात होता. मी टॉर्चच्या उजेडात छत पाहिले, मला भेग दिसली नाही, आणि मी सही केली.

पाऊण तासाने छोट्या टेम्पोत मावेल एवढा दगड जम्बोच्या बाहूवर आला. ऑपरेटर त्याच वेळी छिद्र पाडण्याचा गज बदलण्यासाठी मागे आलेला होता. कुणाला खरचटलेही नाही. अहवालात ‘भूगर्भीय कारणामुळे ठरल्यापेक्षा जास्त दगड निघाला’ असे वाक्य गेले, आणि ते वाक्य मीच लिहिले. सळी टेकवून उभ्या राहिलेल्या माणसाचा त्या अहवालात उल्लेख नव्हता. काही आठवड्यांनी त्याच्या पेटी ठेकेदाराने त्याला दुसऱ्या कामावर पाठवले. मी त्याची माफी मागितली नाही, कारण तेव्हा मला आपले काही चुकले आहे हेच पुरते उमगले नव्हते. कुणी जखमी झाले नाही याचाच आनंद मोठा होता. आबांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते आणि मग त्यांनी एवढेच विचारले, ‘त्याच्याकडे फटाके नव्हते का?’

नव्हते. त्याच्या अंगावर हेल्मेट, बूट, चमकदार जॅकेट आणि हातमोजे होते, आणि तपासणीला येणारा प्रत्येक जण ते पाहून समाधानी होत असे. सुरक्षेच्या शास्त्रात उपायांचा एक क्रम आहे: आधी धोका मुळातून काढून टाकता येतो का पाहायचे, मग कमी धोक्याची पद्धत शोधायची, मग यंत्राने किंवा रचनेने माणूस आणि धोका यांच्यात अंतर आणायचे, त्यानंतर नियम आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यात शेवटी अंगावरची साधने. आपल्याकडे हा क्रम उलट्या टोकाने सुरू होतो, कारण हेल्मेट फोटोत दिसते. आधार न दिलेल्या छताखाली माणसाने उभे राहायचेच नाही, हा बोगद्यातला सर्वांत मोलाचा नियम आहे. त्यासाठी सैल दगड यंत्राच्या हाताने पाडावे लागतात, शॉटक्रीट दुरून मारावे लागते, आणि त्याला वेळ आणि पैसा लागतो. दगड छोट्या टेम्पोएवढा असेल तेव्हा हेल्मेट काय करणार?

दुसरी अडचण ठेक्यांच्या उतरंडीची आहे. मुख्य कंपनी, तिच्याखाली उपठेकेदार, त्याच्याखाली पेटी ठेकेदार, त्याच्याखाली गावाहून माणसे आणणारा मुकादम. वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर पैसा थोडा कमी होतो आणि धोका तेवढाच राहतो. खालून वर जाताना शब्द विरळ होत जातो: फेसवर जे ‘पोला बोलता है’ होते, ते संध्याकाळच्या बैठकीपर्यंत ‘किरकोळ निरीक्षण’ होते आणि महिन्याच्या अहवालात त्याची जागाच नसते. त्यात भाषेची भर पडते. पाळीच्या सुरुवातीला उभ्याने होणारी दहा मिनिटांची सुरक्षेची बोलणी आपण हिंदी-मराठीच्या मिश्रणात उरकतो, समोर ओडिया, संताली, भोजपुरी बोलणारी माणसे माना डोलावतात आणि रजिस्टरवर अंगठे उमटतात. अलीकडे मी सांगणे कमी केले आहे आणि त्यांच्यापैकीच एकाला, त्याच्या भाषेत, आज कशाची भीती आहे ते इतरांना सांगायला लावतो. पहिले काही दिवस कुणी बोलत नाही. मग एखादा सुरुंगाच्या न उडालेल्या नळीबद्दल बोलतो, एखादा पंख्याची कापडी वाहिनी फाटल्यामुळे आतपर्यंत हवा पोचत नाही म्हणून सांगतो, आणि मला कुठल्याही तपासणी यादीत न सापडलेल्या गोष्टी कळू लागतात.

हातांना आणि कानांना जे कळते त्याची किंमत २०२३ मध्ये सगळ्या देशाने पाहिली. उत्तरकाशीच्या सिलक्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबरला छत कोसळून ४१ मजूर आत अडकले. मलब्यातून शाबूत राहिलेल्या एका अरुंद नळीतून त्यांना हवा आणि खायला चणे-कुरमुरे पोचवले गेले, नंतर सहा इंची नळीतून गरम जेवण गेले. मलब्यातून आडवे छिद्र पाडणारे मोठे ऑगर यंत्र शेवटच्या टप्प्यात मोडून पडले, तेव्हा उरलेला दहा-बारा मीटरचा मलबा हाताने खोदायला अरुंद बिळांत खणण्याची सवय असलेले कामगार बोलावले गेले, आणि २८ नोव्हेंबरला, सतराव्या दिवशी, सगळे ४१ जण जिवंत बाहेर आले. ज्या बीळखोदाईवर हरित लवादाने २०१४ मध्ये मेघालयात बंदी घातली होती, आणि ती बंदी योग्यच होती, तशाच पद्धतीने खणण्यात तयार झालेले हात तिथे कामाला आले. त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या पहाटे आपल्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यात, समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारे यंत्र कोसळून वीस जण गेले. त्या सकाळी आमच्या साईटवर काम सुरू करण्यापूर्वी सगळे उभे राहिले, आणि एका मदतनिसाने मला हळूच विचारले की त्यांच्यापैकी कुणाला आधी काही दिसले असेल का. मला उत्तर देता आले नाही.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखालच्या नियमांनी पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कामांवर सुरक्षा अधिकारी नेमायला लावला, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने असे तेरा जुने कायदे एकत्र आणले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या बांधकामविषयक १९८८ च्या करारात तर स्पष्ट म्हटले आहे की जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असे वाटण्यास रास्त कारण असेल, तर कामगाराला तिथून दूर होण्याचा हक्क असला पाहिजे. बहुतेक मोठ्या कामांच्या फाटकावर आता ‘असुरक्षित वाटल्यास काम थांबवा’ असा फलक असतो. मी तो फलक लावताना नेहमी विचारतो की थांबवलेल्या तासांची हजेरी कोण भरणार. या प्रश्नावर बैठकीत शांतता पसरते, कारण फलकाचा खर्च एकदाच येतो आणि हजेरीचा रोज.

गेल्या पावसाळ्यात माझ्या सध्याच्या कामावर रात्री अडीचच्या सुमारास झारखंडच्या एका पोराने काम थांबवले. वय फार तर बावीस. फेसवर येऊन त्याला तीन महिने झाले होते. डाव्या भिंतीतून आठवडाभर स्वच्छ पाणी ठिबकत होते, ते त्याला गढूळ झालेले दिसले. स्वच्छ पाणी दगडाच्या भेगेतून येते. ते गढूळ झाले म्हणजे कुठूनतरी माती धुऊन आणते आहे, आणि माती गेली की पोकळी राहते, हे त्याने पाळीच्या बोलण्यात ऐकले होते. त्याने शिट्टी वाजवली. पाळीच्या इंजिनिअर मुलीने, तिचे मला मनापासून कौतुक वाटते, एकही प्रश्न न विचारता सगळ्यांना मागे घेतले, मुखाशी असलेल्या फळ्यावरचे, आत गेलेल्या माणसांचे बिल्ले मोजले आणि मला फोन केला. पहाटे भूशास्त्रज्ञ आले, भिंतीत दोन तपासणी छिद्रे मारली, खुणांची मोजमापे पुन्हा घेतली. एक वीतभर जाडीचा मातकट पट्टा निघाला. त्यामागे पोकळी नव्हती. पाण्याला नळी लावून वाट दिली, दोन रॉकबोल्ट जास्तीचे मारले, आणि साडेनऊ तासांनी काम पुन्हा सुरू झाले.

दुपारी तो पोरगा माझ्या केबिनच्या दाराशी आला. चिखलाचे बूट बाहेर काढून, हेल्मेट काखेत धरून उभा राहिला. मी त्याला बसायला सांगितले, तो बसला नाही. ‘साहेब, कुछ निकला नहीं,’ तो म्हणाला. ‘मेरा और बाकी लोगों का हाजिरी कटेगा क्या?’

मी त्याला घेऊन मुकादमाच्या कंटेनरमध्ये गेलो. हजेरीच्या वहीत त्या पाळीच्या अकरा नावांपुढे अर्धा दिवस लिहून झाला होता. मुकादम म्हणाला की वरून पैसे तासाप्रमाणे येतात, तो तरी काय करणार. आणि त्याच्या परीने ते खरेही होते. मी मुख्य कार्यालयात फोन लावला, मग उपठेकेदाराला लावला, मग पुन्हा कार्यालयाला. मधल्या वेळात तो पोरगा दाराशी तसाच अनवाणी उभा होता. चार वाजून गेल्यावर परवानगी आली. मुकादमाने लाल पेनाने अकराही ठिकाणचा अर्धा खोडून पूर्ण केला, आणि प्रत्येक खाडाखोडीपुढे मी सही केली.